चिकपेटच्या कोपऱ्यावरची जागा

सोयराबाई सकाळी साडेनऊला चिकपेटच्या बाजारात पोचायची, संध्याकाळी सात-साडेसातला निघायची, आणि एवढ्या वेळात ती पाणी प्यायची नाही.

गविपुरमच्या घरातून निघताना एक कप कॉफी, दुपारी डब्यातलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा भात, आणि घसा अगदीच सुकला तर एक घोट, तोही चूळ भरल्यासारखा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. पुरुषोत्तम शेठच्या साड्यांच्या दुकानाबाहेर एक दगडी कट्टा होता, त्यावर तिचं पिकोचं मशीन. आत साडी घेतली की बायका बाहेर तिच्याकडे यायच्या, फॉल लावून घ्यायच्या, पदराला कुच्चू बांधून घ्यायच्या. कुच्चू म्हणजे गोंडे. पण तिच्या घराण्याला बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की ‘गोंडे’ हा शब्द तिला पुण्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळला. मराठी ती घरात बोलायची. लिहिणं-वाचणं सगळं कन्नडमध्ये, तेही सातवीपर्यंत.

पाणी न पिण्याचं कारण साधं होतं. त्या गल्ल्यांमध्ये बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुषांसाठी पलीकडच्या वळणावर एक मुतारी होती, आणि ती नसती तरी त्यांचं अडलं नसतं. बायकांनी घरी जाईपर्यंत दम धरायचा. हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकीनंही दुसरीला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये सोयराबाईला थंडी वाजून ताप भरला. कंबरेतून अशी कळ यायची की मशीनवर वाकता येईना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “दिवसाला पाणी किती पिता?”

“स्वल्प.”

“स्वल्प म्हणजे किती?”

सोयराबाई म्हणाली, “पाणी प्यालं की जावं लागतं, डॉक्टरम्मा. जायचं कुठं?”

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. “या महिन्यात चिकपेटातून आलेल्या तुम्ही तिसऱ्या,” त्या म्हणाल्या. “गोळ्या मी देते. पण हे गोळ्यांनी कायमचं बरं होणार नाही.”

आठ दिवस सोयराबाई घरी पडून होती. तापापेक्षा ते ‘तिसऱ्या’ तिच्या डोक्यात घुमत राहिलं. बाकीच्या दोघी कोण? कामावर परतली त्या दिवशी तिनं नीलाला विचारलं. नीला शेठच्याच दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबडी, आणि बोलणं तिखट.

“दोघींतली एक मी,” नीला म्हणाली. “दुसरी कोण ते शोधा.”

सोयराबाईनं शोधायला घेतलं आणि दुसरीच्या जागी चाळीस सापडल्या. कुणाला जळजळ, कुणाला दर दोन महिन्यांनी ताप. फुटपाथवर मोगरा विकणारी मुनियम्मा साठीची होती. ती म्हणाली, “मी पहाटे साडेचारला घरी जे जाते ते जाते. मग देवच सांभाळतो.” बटणांच्या दुकानातली एक मुलगी पाळीच्या चार दिवसांत कामावरच यायची नाही आणि तिचे ते दिवस मालक खाडा धरायचा.

सोयराबाईनं साडीच्या खोक्याचं एक झाकण घेतलं आणि त्याच्या आतल्या बाजूला नावं लिहायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत एकेक दुकान. विकणाऱ्या, झाडणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, डोक्यावर गाठोडी वाहणाऱ्या. एक झाकण भरलं, दुसरं भरलं. तीन गल्ल्यांमध्ये मिळून दोनशे चौदा बायका निघाल्या. इतक्या बायका इथं रोज येतात, हे त्या बायकांनाही माहीत नव्हतं.

नवरा विठोजी टेम्पो चालवायचा. स्वभावानं गरीब, पण लोकलज्जा फार. त्यानं ती झाकणं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“जगात दुसरा विषय नव्हता का ग तुला? उद्या सोयरे विचारतील, वहिनी काय करतात? मी काय सांगू, संडास मागत फिरते म्हणून?”

“सांगा की,” सोयराबाई म्हणाली. “त्यात खोटं काय आहे?”

त्याच सुमारास वॉर्डातल्या नव्या नगरसेविकेनं शाळेच्या पटांगणात नागरिकांची सभा बोलावली. सोयराबाई, नीला आणि मुनियम्मा झाकणं घेऊन मागच्या ओळीत जाऊन बसल्या. दोन तास गटारं, पार्किंग, लोंबणाऱ्या तारा यांवर बोलणं झालं. बोलणारे सगळे दुकानदार किंवा घरमालक, आणि सगळे पुरुष. शेवटी सोयराबाई उभी राहिली. तिनं बायकांसाठी जागा हवी असं सांगितलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं.

टेबलाशी बसलेल्या कारकुनानं विचारलं, “तुम्ही राहता कुठं?”

“गविपुरम.”

“मग या वॉर्डात तुमचं मत नाही. ही सभा इथल्या नागरिकांची आहे. तुम्ही तुमच्या वॉर्डात अर्ज द्या.”

सोयराबाई खाली बसायला लागली होती. मग काय झालं कुणास ठाऊक, ती पुन्हा ताठ झाली.

“अण्णा, माझं मत गविपुरमला आहे, सरी, कबूल. पण दिवसाचे दहा तास मी इथं असते. झोपायला तेवढी तिकडं जाते. या गल्लीत पाऊस कुठं तुंबतो, दिवा कुठला लागत नाही, कुठल्या दुकानाची पायरी हलते, ते मला विचारा. या दोनशे चौदा बायकांना विचारा. आम्ही आलो नाही तर उद्या एकाही दुकानाचं शटर वर जाणार नाही. आणि आम्ही इथल्या नागरिक नाही?”

नीलानं कुबडी आपटली, नुसती एकदाच. नगरसेविका आतापर्यंत नुसतंच ऐकत होती. तिनं हात पुढे केला. “तो पुठ्ठा इकडं द्या बघू.”

दोन्ही झाकणं तिनं शेवटपर्यंत वाचली. मग कारकुनाला म्हणाली, “यांचं नाव लिहून घ्या. आणि राहण्याच्या रकान्यात चिकपेट लिहा.”

जागा ठरली ती गल्लीच्या कोपऱ्यावरची. तिथं वर्षानुवर्षं कचरा साचायचा. कचरा उचलून तिथं बांधायचं म्हटल्यावर दुकानदार बिथरले. सगळ्यांत जास्त पुरुषोत्तम शेठ, कारण कोपरा त्याच्या दुकानापासून दहा पावलांवर.

“इथं लग्नाच्या साड्या घ्यायला लोक येतात, सोयराक्का,” तो म्हणाला. “त्यांच्या नाकासमोर तुम्ही संडास उभा करणार? अकरा वर्षं मी तुम्हाला कट्टा दिला, त्याचं हे फळ?”

“कचऱ्याचा वास चालतो का, शेठ?”

“कचरा कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही.”

त्यावर तिला हसू आलं आणि त्या हसण्यानंच घात केला. पुढच्या सोमवारी तिला मशीन उचलायला सांगण्यात आलं. अकरा वर्षांची जागा. ती मशीन उचलून समोरच्या दोऱ्यांच्या दुकानात गेली. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं काही न विचारता जिन्याखालची जागा रिकामी करून दिली. जिना इतका बुटका की दिवसातून चार वेळा डोकं आपटायचं. त्या आठवड्यात घरी येऊन ती रडली; विठोजीनं पाहिलं, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याच्या पायरीला खालून जुन्या सीटचा स्पंज ठोकून दिला.

मे महिन्यात नकाशा आला. घेऊन आला नरसिंह, वॉर्ड ऑफिसचा तरुण इंजिनियर. हातात गुंडाळी, शर्टाच्या खिशात तीन पेनं. बायका भोवती जमल्या. कागदावर नुसत्या रेघा आणि आकडे.

“मला हे वाचता येत नाही,” सोयराबाई म्हणाली. “पण मापं कळतात. तुम्ही मापं सांगा.”

नरसिंहानं सांगितलं. पुरुषांसाठी चार, बायकांसाठी दोन. पुढे तीन पायऱ्या. दोन्हीकडची दारं रस्त्याच्या बाजूला.

“रस्त्याच्या कुठल्या बाजूला?”

“या,” त्यानं बोटानं दाखवलं.

त्या बाजूला हमालांचा अड्डा होता. दिवसभर पन्नासेक माणसं तिथं बिड्या ओढत बसायची. मुनियम्मा कन्नडमध्ये पुटपुटली, “या दारातून मी मेले तरी जाणार नाही.”

“हा टाइप प्लॅन आहे,” नरसिंह म्हणाला. त्याचा स्वर उद्धट नव्हता, थकलेला होता. “सगळीकडे असाच बांधतात. वरून मंजूर होऊन येतो.”

“सर, मी एकाच मापाचा ब्लाउज शिवून गल्लीतल्या सगळ्यांना देऊ का?”

तो हसला. ती हसली नाही. “हा कागद मला सोमवारपर्यंत द्या. आणि जमलं तर रविवारी सकाळी इथं या.”

रविवारी चिकपेट बंद असतं. शटर खाली, गल्ली रिकामी, एरवी न दिसणारी जमीन दिसायला लागते. त्या सकाळी सोयराबाई शिवणाची टेप घेऊन आली आणि मुनियम्मा रांगोळीची पिशवी. मुनियम्माचा हात असा की चिमटीतून रेघ सुटली की दोऱ्यासारखी सरळ. सोयराबाईनं कागदावरची मापं फुटाफुटानं रस्त्यावर मांडली आणि मुनियम्मानं त्यावर रेघा ओढल्या. तासाभरात कोपऱ्यावर सगळा संडास आडवा पडला: भिंती, दारं, पायऱ्या, सगळं खऱ्या मापाचं.

“चला,” सोयराबाई म्हणाली, “आता आत जाऊन बघा.”

पस्तीस-चाळीस बायका आल्या होत्या. आधी सगळ्या लाजल्या. मग नीला पुढे झाली. रांगोळीच्या दारातून आत गेली, वळायला गेली आणि कुबडी भिंतीबाहेर गेली.

“मी भिंत फोडली,” ती म्हणाली. “आत गेले तर बाहेर यायला मला उलटं चालावं लागेल. पायऱ्यांचं तर सोडाच.”

त्यानंतर कुणी लाजलं नाही. गाठोडीवाल्या बायकांनी खरोखरची गाठोडी आणून ठेवली. ठेवायला जागाच उरेना. एका बाईनं कडेवरचं मूल दाखवलं. “याला कुणाकडे देऊ?” मुनियम्मा खाली बसून दाखवायला गेली आणि उठताना तिला धरायला काहीच नव्हतं, दोघींनी हात धरून उठवलं. बटणांच्या दुकानातली ती मुलगी हळूच म्हणाली, “झाकणाचा डबा हवा. आतच हवा. बाहेर नेऊन टाकायला लावू नका.” ती एवढंच बोलली, पण सगळ्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली.

रेघा पुसल्या गेल्या, नव्या ओढल्या गेल्या. दार फिरवून गल्लीच्या आतल्या अंगाला नेलं. पायऱ्यांच्या जागी उतार आला. एक खोली मोठी केली, तीत कठडा. बायकांसाठी चार, पुरुषांसाठी दोन.

नरसिंह आला तेव्हा अकरा वाजले होते. स्कूटरवर मागे बायको, दोघं कुठल्याशा मुंजीला निघालेले. तो स्कूटर बंद न करताच पाहत राहिला. त्याची बायको मात्र उतरली. रेशमी साडीच्या निऱ्या सावरत ती रांगोळीच्या दारातून आत गेली, चार भिंतींकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “सगळं बरोबर आहे. पर्स अडकवायला खुंटी कुठं आहे?”

बायका खदखदून हसल्या. सोयराबाईनं मुनियम्माकडून चिमूटभर रांगोळी घेतली आणि आतल्या भिंतीच्या रेघेवर एक ठिपका दिला. “ही खुंटी.”

नरसिंहानं स्कूटर बंद केली. खिशातलं एक पेन काढलं आणि सोयराबाईची टेप मागून घेतली. मुंजीला तो उशिरा पोचला असणार, कारण प्रत्येक रेघ त्यानं स्वतः मोजून लिहून घेतली. कठडा किती उंचीवर हवा हे त्यानं मुनियम्माला पुन्हा उठायला-बसायला लावून ठरवलं.

त्यानंतर तीन महिने काही ठरेना. पुरुषांच्या जागा का कमी केल्या, अशी वरून विचारणा झाली. नगरसेविकेनं झाकणांवरच्या नावांची प्रत पाठवली. उतार कशाला, अशी विचारणा झाली. नीला स्वतः ऑफिसात गेली आणि लिफ्ट बंद असलेल्या त्या इमारतीचे दोन मजले चढून साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. ती काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. “स्वल्पच बोलले,” एवढंच म्हणायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी नरसिंह नवी गुंडाळी घेऊन आला. दोऱ्यांच्या दुकानात, जिन्याखाली, त्यानं ती उलगडली. सोयराबाईला आता रेघा वाचता येत होत्या: हे दार, हा उतार, ही मोठी खोली, ही खुंटी. पण तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं बारीक कन्नड अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाजारातील महिलांनी जागेवर केलेल्या आखणीप्रमाणे.’

“हे तुम्ही लिहिलंत?”

“खरं आहे म्हणून लिहिलं,” नरसिंह म्हणाला.

तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि मशीनवर वाकून दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या सुईत जाईना.

बांधकाम संक्रांतीच्या आत पुरं झालं. उद्‌घाटनाला मांडव, केळीचे खांब, लाल फीत. दगडावर आठ नावं होती, त्यात सोयराबाईचं नव्हतं. तिला त्याचं फारसं वाटलं नाही; नीलाला वाटलं आणि तिनं ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं. भाषणं झाली, फीत कापली, म्हैसूरपाक वाटला. शे-दीडशे माणसं जमली होती: हमाल, दुकानदार, ऑफिसची मंडळी. पुरुषोत्तम शेठही दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

आणि मग सगळं थांबलं. नवं कोरं दार उघडं होतं आणि एकही बाई आत जाईना. इतक्या पुरुषांच्या डोळ्यांदेखत कोण जाणार? ज्यांनी त्यासाठी वर्षभर पाय झिजवले त्याच पदर तोंडाला लावून एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, “राहू दे, उद्या जाऊ.”

सोयराबाईनं हातातला म्हैसूरपाक मुनियम्माकडे दिला. पदर खोचला. मांडवाच्या मधोमध, साहेबांच्या खुर्च्यांसमोरून, हमालांसमोरून, देवळात जावं तशी बिनसंकोच, मान वर करून ती चालत गेली. उतारावरून चढली, आतल्या अंगाला वळली, आत गेली आणि कडी लावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. नळावर हात धुतले, निवांत, साबण लावून. मग बायकांकडे बघून म्हणाली, “कडी नीट बसते. या.”

नीला हसत सुटली आणि तिच्यामागे रांगच लागली.

विठोजी मांडवाच्या कडेला उभा होता. टेम्पो लांब लावून, कुणाला दिसू नये अशा बेतानं आला होता. शेजारच्या हमालानं त्याला विचारलं, “कोण हो त्या बाई? भलत्याच धीट दिसतात.”

विठोजीनं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आजूबाजूच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सोयराबाई. माझी बायको आहे ती. हा सगळा नकाशा तिचा.” त्या दिवसानंतर ही गोष्ट त्यानं इतक्या जणांना सांगितली, की सोयऱ्यांनी त्याच्यापुढे विषय काढायचं सोडलं.

मार्चच्या अखेरीस पुरुषोत्तम शेठ जिन्याखाली आला. लग्नाच्या खरेदीला होसकोटेहून येणारी कुटुंबं आता दुपारी अर्ध्यात उठून जात नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. पण तो ते बोलला नाही. “कट्टा रिकामाच आहे, सोयराक्का,” एवढंच म्हणाला.

“असू दे, शेठ,” ती म्हणाली. “तिथं नीलाला खुर्ची टाकून द्या. दिवसभर उभी असते. मला इथं बरं आहे.”

खुर्ची आठ दिवसांत आली.

उन्हाळा संपता संपता नरसिंहाचा निरोप आला. मल्लेश्वरमच्या भाजीबाजारात तसंच बांधायचं घाटत होतं. तुमचा नकाशा चांगला आहे, तोच तिथं वापरू का? सोयराबाई म्हणाली, आधी जागा बघते. एका सकाळी ती आणि मुनियम्मा बसनं तिकडे गेल्या. भाजीवाल्या बायकांनी त्यांना पालथ्या टोपलीवर बसवलं, ताक दिलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीला संडासाआधी सावली हवी होती. दुसरी म्हणाली, सावली नको, नळ हवा. तिसरीचं म्हणणं, ही जागाच चुकीची, जागा बैलगाड्या लागतात तिकडे हवी. भांडण पेटलं. नरसिंह घाबरून सोयराबाईकडे पाहायला लागला.

“आमचा नकाशा इथं चालायचा नाही, सर,” ती म्हणाली आणि टोपली जरा पुढे ओढून घेतली. “तुम्ही पण बसा. यांचं अजून खूप सांगायचं राहिलंय.”